पार्किंगच्या स्लॅबवरचं पाणी: ढाळ, जाळ्या आणि गंजणाऱ्या सळया

कुठल्याही जुन्या बहुमजली पार्किंगमध्ये गाडी लावून उतरलात की एकदा मान वर करून छत बघा. बऱ्याच ठिकाणी स्लॅबच्या तळाला पांढरट सुळे लोंबताना दिसतील, चुनखडीच्या गुहेत दिसतात तसे. टोकाला थेंब अडकलेला असतो. खाली गाडी उभी असेल तर टपावर पांढरे ओघळ उमटतात आणि ते फडक्याने निघत नाहीत. काँक्रीटच्या तड्यातून झिरपताना पाण्याने वाटेतला चुना विरघळवून आणलेला असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळाला की त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि सुळा केसाकेसाने वाढत जातो. हाच अल्कधर्मी थेंब गाडीचा रंग खातो.

लोक याला 'छत गळतंय' म्हणतात. तक्रार खालच्या मजल्यावरून येते, म्हणून दुरुस्तीही खालूनच होते: सुळे खरवडायचे, तडा भरायचा, वरून रंग फासायचा. पुढच्या पावसाळ्यात तोच सुळा वीतभर अंतरावर उगवतो. जिना चढून बरोबर त्याच जागेच्या वर गेलात तर बहुधा एक डबकं सापडेल, किंवा डबक्याचा वाळलेला काळपट डाग तरी. आणि त्या डबक्यापासून चार-पाच पावलांवर पाणी जाण्यासाठी केलेली जाळी असते. कोरडी ठणठणीत.

हे अंतर का पडतं, हे समजलं की पार्किंगच्या निचऱ्याचं बहुतेक गणित समजलं. सहसा हे काम प्लंबरच्या नकाशावर ढकललं जातं: इथे जाळी, तिथे पाइप, झालं. माझ्या मते ते आधी स्ट्रक्चरल डिझायनरचं काम आहे. पाणी कुठे जाईल हे जाळी ठरवत नाही. स्लॅबचा आकार ठरवतो, आणि तो आकार उद्घाटनानंतरही पाच-दहा वर्षं बदलत राहतो.

इतर स्लॅबपेक्षा पार्किंगचा स्लॅब वेगळा का

घरातल्या स्लॅबला पाणी लागत नाही. गच्चीला लागतं, पण ते निव्वळ पावसाचं असतं आणि गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा थर असतो, शिवाय त्यावर कोणी गाड्या फिरवत नाही. पार्किंगचा मजला या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी लटकलेला असतो. बाजू उघड्या, म्हणून वाऱ्यासरशी पाऊस आत येतो. प्रत्येक गाडी चाकांना, चिखलपट्ट्यांना आणि पोटाला चिकटलेलं पाणी आत आणते. त्या पाण्यात माती असते, तेल असतं, आणि जिथे रस्त्यावरचं बर्फ वितळवायला मीठ टाकतात तिथे मीठ असतं. समुद्राकाठी तर हे मीठ वाऱ्यातूनच येतं.

यातली गोम अशी की खारट पाणी मजल्यामजल्यावर पोचतं, पण धुऊन काढण्याइतका पाऊस फक्त सर्वांत वरच्या मजल्यावर पडतो. वरचा मजला निदान पावसाने धुतला तरी जातो. मधल्या मजल्यांवर गाड्यांनी आणलेलं पाणी सुकतं, मीठ तिथेच राहतं, पुन्हा पाणी येतं, पुन्हा सुकतं. प्रत्येक फेरीत मिठाचं प्रमाण वाढत जातं. त्यामुळे 'वर छप्पर आहे, इथे कसला निचरा करायचा' असं म्हणून मधल्या मजल्यांचे ढाळ आणि जाळ्या कमी करणं ही पैसे वाचवण्याची सगळ्यांत महागडी पद्धत आहे.

आता मीठ काँक्रीटला नेमकं काय करतं? काँक्रीटला फारसं काही नाही, आतल्या सळईला करतं. ताज्या, निरोगी काँक्रीटचा सामू १२.५ ते १३ च्या आसपास असतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात पोलादावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा धरतो आणि सळई गंजत नाही. क्लोराइड आयन स्लॅबमध्ये मुरत मुरत सळईपर्यंत पोचले आणि एका मर्यादेपलीकडे साचले की हा पापुद्रा जागोजागी फुटतो. मग पाणी आणि ऑक्सिजन मिळेल तसा गंज चढू लागतो. गंजाचं आकारमान मूळ पोलादाच्या दोन ते सहा पट असतं. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण सोसत नाही. आतून फुगणाऱ्या सळईमुळे सळईच्या पातळीवर काँक्रीटचा थर सुटतो. वरून सगळं ठीकठाक दिसतं, पण हातोडीने ठोकलं की भद्द आवाज येतो. म्हणूनच तपासणीवाले स्लॅबवरून लोखंडी साखळी ओढत फिरतात: आवाज बदलला की तिथे खडूने गोल. काही काळाने त्या गोलातलं काँक्रीट पोपड्यासारखं निघतं.

थंड प्रदेशात याच्यावर आणखी एक संकट. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. साचलेल्या पाण्याने ओलंचिंब झालेलं काँक्रीट गोठण-वितळणीच्या प्रत्येक फेऱ्यात वरून थोडं थोडं झडत जातं.

या सगळ्याला लागणारी एकच गोष्ट डबकं पुरवतं: वेळ. वाहून गेलेल्या पाण्याला स्लॅबमध्ये मुरायला सवड मिळत नाही. तेच पाणी दोन दिवस साचून राहिलं तर प्रत्येक केसाएवढा तडा त्याचं मीठ आत ओढून घेतो.

एलियट लेकचं छत

कॅनडात ओंटारिओ प्रांतात एलियट लेक नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९८० मध्ये ॲल्गो सेंटर नावाचा मॉल उघडला. जागेच्या सोयीसाठी पार्किंग चक्क मॉलच्या छतावर केलं होतं: पोलादी सांगाडा, त्यावर कारखान्यात घडवलेल्या पोकळ काँक्रीट फळ्या, त्यावर काँक्रीटचा थर. छत जवळजवळ पहिल्यापासून गळत होतं. मॉलच्या आत बादल्या लावल्या जात, ताडपत्र्या बांधल्या जात. डागडुजी होत राहिली, मालक बदलले, गळती राहिली. हिवाळ्यात गाड्यांबरोबर आलेलं मीठ पाण्याबरोबर खाली उतरत राहिलं आणि तुळई व खांब जोडणाऱ्या एका पोलादी जोडाला वर्षानुवर्षं खात राहिलं. २३ जून २०१२ रोजी तो जोड तुटला, छताचा तुकडा गाडीसकट खाली आला आणि दोन स्त्रिया मृत्युमुखी पडल्या.

नंतर न्यायमूर्ती पॉल बेलांजे यांच्या आयोगाने चौकशी केली. २०१४ च्या त्या अहवालात तांत्रिक कारणाइतकीच जागा माणसांच्या चुकांना दिलेली आहे, कारण गळती कोणापासून लपलेली नव्हती. तीस वर्षं सगळ्यांना तिचा उपद्रव दिसत होता, धोका दिसला नाही. ओलं छत म्हणजे गैरसोय, इतकाच अर्थ लोक लावत होते.

इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या पाइपर्स रो पार्किंगची गोष्ट वेगळी. १९६५ मध्ये बांधलेल्या त्या इमारतीच्या वरच्या मजल्याचा सुमारे १२० टन वजनाचा भाग २० मार्च १९९७ रोजी पहाटे कोसळला. खांबांच्या डोक्याशी स्लॅबचं काँक्रीट हिमाने आणि ओलीने कुजलं होतं, आणि खांब स्लॅबमधून आरपार निघाला. वेळ अशी होती की कोणाला इजा झाली नाही.

आणि फ्लोरिडातलं सर्फसाइड. २४ जून २०२१ रोजी तिथली एक निवासी इमारत कोसळून ९८ जण मृत्युमुखी पडले. तिथली पडझड एकट्या पाण्याने झाली असं म्हणणं चूक ठरेल. मूळ रचनेतच ताकदीची कमतरता होती हे तपासात पुढे आलं आहे. पण पार्किंगवरच्या पूल डेकबद्दल, म्हणजे पोहण्याच्या तलावाभोवतीच्या मोकळ्या स्लॅबबद्दल, २०१८ मध्येच एका इंजिनिअरने लिहून ठेवलं होतं की वॉटरप्रूफिंग सपाट स्लॅबवर टाकलं आहे, स्लॅबला ढाळच नाही, त्यामुळे पाणी आटेपर्यंत तिथेच राहतं, आणि ही मोठी चूक आहे.

दोन टक्के कुठून आले

पार्किंगच्या स्लॅबला किती ढाळ हवा? टिकाऊ पार्किंगच्या डिझाइनवर अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटची एक मार्गदर्शिका आहे. या क्षेत्रात रूढ असलेले आकडे असे: किमान दीड टक्का, शक्यतो दोन टक्के. दोन टक्के म्हणजे मीटरला २० मिलिमीटर. न्हाणीघराच्या फरशीला गवंडी साधारण याच्या आसपास ढाळ देतो, तेव्हा हा आकडा काही डोळ्यांत भरण्याइतका मोठा नाही.

मग प्रश्न पडतो, पाणी अर्ध्या टक्क्यावरही वाहतं, दोन टक्के कशाला? काचेसारख्या गुळगुळीत आणि कधीच न वाकणाऱ्या पृष्ठभागावर वाहतं, हे खरं. स्लॅब तसा नसतो. त्याला झोल पडतो.

एक हिशेब करू. समजा दोन खांबांमधला गाळा ९ मीटरचा आहे आणि मधोमध स्लॅब २० मिलिमीटर खाली आला. ऐकायला हे काहीच नाही, ९ मीटरला २० मिलिमीटर म्हणजे गाळ्याच्या ४५० व्या भागाइतका झोल, आणि मजबुतीच्या दृष्टीने त्यात काही वावगं नसतं. पण झोल पडलेल्या स्लॅबचा आकार कढईसारखा होतो. कढईच्या कडेपाशी उतार सर्वांत जास्त असतो, आणि या मापांना तो साधारण ०.७ ते ०.९ टक्के भरतो. ढाळाच्या वरच्या टोकाला हा उतार पाण्याला मदत करतो, खालच्या टोकाला मात्र उलटा चढ बनून उभा राहतो. म्हणजे नकाशात १ टक्का ढाळ दाखवला असेल तर खालच्या टोकापाशी, ऐन जाळीच्या तोंडाशी, हातात जेमतेम ०.१ ते ०.३ टक्के उरतो. गवंड्याच्या हाताचा एवढातेवढा चढउतार धरला तर तो शून्य किंवा उणे. दीड टक्का दिला असता तर ०.६ ते ०.८ उरला असता. दोन टक्क्यांना १.१ ते १.३. दोन टक्क्यांतले जवळपास अर्धे झोलाच्या नावाने खर्च होतात आणि उरलेल्यावर पाणी वाहतं.

शिवाय हा झोल पहिल्या दिवशी पूर्ण पडत नाही. कायमच्या वजनाखाली काँक्रीट वर्षानुवर्षं हळूहळू झुकत राहतं. याला क्रीप म्हणतात. कायमच्या वजनाने लगेच जेवढा झोल पडतो, त्याच्या दुप्पट आणखी झोल पुढच्या पाच वर्षांत येईल असं धरून चालण्याची डिझाइनमधली पद्धत आहे. ताबा घेताना फवारा मारून पाहिला, सगळं पाणी जाळीत गेलं, आणि चौथ्या वर्षी त्याच मजल्यावर डबकी दिसू लागली, याचं कोडं इथे सुटतं. कंत्राटदाराने फसवलेलंच असतं असं नाही.

सुरुवातीच्या कोरड्या जाळीचं रहस्यही हेच. पाइप उभा नेण्यासाठी खांबाचा आडोसा सोयीचा, म्हणून जाळी खांबाला चिकटवून देतात. पण खांबापाशी स्लॅब खाली येतच नाही. झोल पडतो तो मध्यावर. काही वर्षांत खांबाजवळची जागा टेकडी होते आणि मधली जागा खळगा. टेकडीवर जाळी बसवून पाण्याची वाट बघायची, असा तो प्रकार. जाळी खांबाजवळ ठेवायचीच असेल तर तिथे स्लॅब मुद्दाम पुरेसा खाली घ्यावा लागतो, झोलाचा हिशेब करून.

प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटमध्ये हाच खेळ उलटा होतो. कारखान्यात घडवलेल्या लांब तुळयांना आतल्या ताणलेल्या तारांमुळे वर उचललेली कमान असते, कँबर म्हणतात तिला. १८ मीटरच्या तुळईला मध्यावर ४० मिलिमीटर कँबर असेल तर टोकांशी सुमारे ०.९ टक्के उतार आपोआप येतो. खालच्या टोकाला तो पाणी पळवतो. वरच्या टोकाला दोन टक्क्यांतले ०.९ खाऊन टाकतो. आणि शेजारशेजारच्या दोन तुळयांचा कँबर कधीच अगदी सारखा नसतो. जोडावर पायरी पडते आणि पायरीच्या मागे पाण्याची रेघ उभी राहते. हे गणित कागदावर सुटतं, पण ते डिझायनरनेच सोडवायला हवं. साइटवर गवंडी पाणसळ लावून काय करणार?

ढाळ जास्त देऊन टाकावा, मग काळजीच नको, असंही नाही. १५ मीटर लांब पट्ट्याला एकाच दिशेने दोन टक्के दिले तर ३० सेंटिमीटरचा फरक पडतो. खालच्या मजल्याची उंची तेवढी जाते. म्हणून मजल्याचे तुकडे पाडून त्यांत कडा आणि पन्हळी आखाव्या लागतात, छपराला असतात तशा. दिव्यांगांसाठी राखलेल्या जागांचाही नियम आहे: अमेरिकेत तिथे कुठल्याही दिशेने उतार ४८ ला १, म्हणजे २.०८ टक्क्यांहून जास्त चालत नाही, कारण व्हीलचेअर गाडीपासून घरंगळायला नको. इथे एक सापळा आहे. स्लॅबला दोन दिशांना दोन-दोन टक्के ढाळ दिला, तर तिरप्या रेषेत तो २.८ टक्के होतो. नकाशावर दोन्ही आकडे नियमात, जागेवर नियमभंग. अशा जागा एकाच दिशेच्या ढाळावर, जाळीपासून आणि पन्हळीपासून दूर ठेवणं बरं.

रॅम्पसारख्या तिरप्या मजल्यांवर, जिथे उतारावरच गाड्या लावतात, निचऱ्याची चिंता कमी वाटते. लांबीच्या दिशेने चार-पाच टक्के उतार असतोच. खरी अडचण टोकाला येते, जिथे गाड्या वळतात आणि तिरपा मजला सपाट मजल्याला भेटतो. तिथे स्लॅबला पीळ द्यावा लागतो. जागेवर ओतलेल्या काँक्रीटमध्ये तो देता येतो. कारखान्यातल्या ताठ तुळयांना जबरदस्तीने पिळलं तर तडे जातात. मी पाहिलेल्या पार्किंगमध्ये सर्वाधिक डबकी या वळणांवरच होती, आणि चाकांची घासाघासही तिथेच सर्वाधिक.

'नंतर कोबा घालून ढाळ देऊ'

हे वाक्य साइटवर फार ऐकू येतं. स्लॅब सपाट ओतायचा, सेंट्रिंग सोपं होतं, आणि ढाळ मागाहून वरच्या थरात काढायचा. सरासरी ५० मिलिमीटरचा थर म्हणजे चौरस मीटरला सुमारे १२० किलो वजन. गाड्यांसाठी सर्वसाधारणपणे धरलं जाणारं वजन चौरस मीटरला २०० ते २५० किलोच्या घरात असतं. म्हणजे निव्वळ ढाळापायी निम्म्या गाड्यांचं वजन कायमचं डोक्यावर घेतलं, आणि कायमचं वजन वाढलं की झोल वाढतो, ज्याच्यासाठी ढाळ दिला त्यालाच. शिवाय हा थर कधी ना कधी खालून सुटतो. मग पाणी थराखाली शिरतं आणि तिथे ते कोणाला दिसत नाही. तडा एका जागी, गळती दहा मीटर दूर. अशी गळती शोधणाऱ्याची मला नेहमी दया येते.

ढाळ मूळ स्लॅबलाच द्यावा. सेंट्रिंग तिरपं लावायला जास्त कष्ट पडतात, हे मान्य.

जाळी, पाइप आणि तुंबणं

पाण्याचा अंदाज काढणं सोपं आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५०० चौरस मीटरच्या वरच्या मजल्यावर तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस कोसळला तर तासाला ५०,००० लिटर, म्हणजे सेकंदाला जवळपास १४ लिटर. दर सेकंदाला एक बादली. हे सगळं एकाच जाळीच्या भरवशावर सोडणं धाडसाचं. एका जाळीवर पिशवी येऊन बसली की खेळ संपला. दोन जाळ्या असतील तर एक तुंबल्यावर दुसरी निदान वेळ देते. कठड्याने बंद केलेल्या वरच्या मजल्याला कठड्यात जादा पाण्यासाठी भोकंही ठेवावीत. १० सेंटिमीटर पाणी साचलं म्हणजे चौरस मीटरला १०० किलो, आणि तेही गाड्या उभ्या असताना.

जाळीचं तोंड आजूबाजूच्या स्लॅबपेक्षा २०-२५ मिलिमीटर खाली घ्यावं आणि भोवतालचा भाग बशीसारखा उतरता करावा. साइटवर याच्या उलट हटकून होतं: निचऱ्याचं भांडं आधी बसवतात, काँक्रीट नंतर येतं, आणि फिनिशिंग करणारा आपली लेव्हल धरून चालत जातो. भांड्याची कड दोन सूत वर राहिली तरी त्याभोवती पाण्याचं कायमचं कडं तयार होतं. काँक्रीट ओतण्याच्या दिवशी एका माणसाने फक्त या भांड्यांची उंची तपासत फिरावं. एका माणसाची एका दिवसाची मजुरी लागते.

वॉटरप्रूफ थर असलेल्या मजल्यावर भांड्याला असा कॉलर हवा की थर त्याच्यात दाबून धरता येईल. भांड्यात गाळ अडवायला डबा हवा, आणि तो हाताने काढता आला पाहिजे. गाड्या आणतात ती माती पाइपात गेली तर आडव्या पाइपात बसते. आडव्या पाइपालाही ढाळ लागतो आणि वळणापाशी सफाईचं तोंड लागतं, हे सांगायला नको, तरी सांगतो.

उभा पाइप खांबाच्या पोटात गाडू नये. तो गळला तर गळती खांबाच्या आत होते आणि बदलायचा तर खांब फोडावा लागतो. पाइप खांबाच्या बाहेरून न्यावा, गाडीचा बंपर लागणार नाही अशा कोपऱ्यात, आणि खालच्या मीटरभर उंचीला लोखंडी आडोसा द्यावा. कारण बंपर लागतोच. ताणलेल्या तारांच्या स्लॅबमध्ये जाळ्यांच्या जागा तारांच्या नकाशावर आधीच उमटलेल्या असाव्यात. नंतर ड्रिल मारताना तार तुटली तर दुरुस्ती किरकोळ राहत नाही.

पुढे हे पाणी कुठे सोडायचं? झाकलेल्या मजल्यांवरच्या पाण्यात तेल आणि गाळ जास्त असतो, म्हणून ते अनेक ठिकाणी तेल-वाळू वेगळी करणाऱ्या टाकीतून सांडपाण्याच्या गटारात नेतात, आणि वरच्या उघड्या मजल्याचं पाणी पावसाळी गटारात. पावसाचं पाणी चुकून त्या तेलाच्या टाकीत वळवलं तर पहिल्याच मोठ्या सरीला टाकी ढवळून निघते आणि साठलेलं तेल पुढे वाहतं.

सांध्यांवरून पाणी नेऊ नका

मोठ्या पार्किंगमध्ये तापमानाने होणाऱ्या हालचालीसाठी एक्स्पान्शन जॉइंट ठेवावे लागतात. रबराची पट्टी, सीलंट, धातूची कड, काहीही वापरा, तो सांधा कधीतरी गळणार आहे. म्हणून त्याची जागा ढाळाच्या माथ्यावर हवी, जिथून पाणी दोन्ही बाजूंना निघून जातं. सांधा उताराच्या मध्येच आला तर त्याच्या वरच्या अंगाला जाळ्या देऊन पाणी तिथेच पकडावं. पन्हळीच्या तळाशी आलेला सांधा म्हणजे पाण्याला दिलेलं आमंत्रण, आणि सांध्याच्या बरोबर खाली बहुतेकदा तुळयांच्या टेकण्याच्या जागा असतात, ज्या गंजलेल्या कोणालाच नको असतात.

हीच गोष्ट जिन्याच्या आणि लिफ्टच्या दारांची: ढाळ दारापासून दूर जाणारा हवा. रस्त्यावरून आत उतरणाऱ्या रॅम्पच्या माथ्यावर आडवी जाळीची पन्हळ हवी, म्हणजे रस्त्याचं पाणी आत येत नाही, आणि पायथ्याशी दुसरी हवी, जी रॅम्पवर पडलेला पाऊस अडवते. स्लॅबच्या बाहेरच्या कडेला छोटी वरंडी असावी. ताणलेल्या तारांची टोकं, त्यांचे अँकर, बहुधा याच कडेत असतात, आणि कडेवरून ओघळणारं खारं पाणी थेट त्यांच्यावर पडतं.

चांगलं काँक्रीट लागतंच, पण

पाणी-सिमेंट प्रमाण ०.४० किंवा त्याहून कमी, गोठणाऱ्या हवामानात मिश्रणात मुद्दाम धरलेले हवेचे सूक्ष्म बुडबुडे, सळईवर पुरेसं कव्हर (म्हणजे काँक्रीटचा थर), नीट क्युअरिंग, मिठाच्या प्रदेशात सिलिका फ्यूमसारखी भर किंवा इपॉक्सी लावलेल्या सळया: हे सगळं करावंच. वरून वॉटरप्रूफ पटलही घालावं. पण हे सगळे उपाय मिठाचा प्रवास लांबवतात, थांबवत नाहीत. पटल वळणांवर चाकाने झिजतं आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा घालावं लागतं. तेच पटल डबक्याखाली असेल तर आधीच सुटतं. शिवाय कव्हर ५० मिलिमीटर दिलं तरी तडा ते एका दमात ओलांडतो. दर्जेदार काँक्रीटवर साचलेलं पाणी आणि साध्या काँक्रीटवर न साचणारं पाणी यांतून निवड करायची वेळ आली, तर मी दुसरं घेईन.

पृष्ठभाग फार गुळगुळीत केला तर ओल्यात गाड्या घसरतात, म्हणून झाडूने रेघा ओढतात. त्या पाण्याच्या वाटेने ओढाव्यात. आडव्या ओढल्या तर प्रत्येक रेघ म्हणजे इवलासा बांध होतो.

खडू आणि नळी

ताबा देण्याआधी मजला पाण्याने भिजवून बघणं हा सगळ्यांत स्वस्त तपास. नळी वरच्या टोकाला सोडायची, सगळं ओलं होऊ द्यायचं, पाणी बंद करून थोडं थांबायचं आणि मग जिथे पाणी उभं राहील त्याच्या कडेने खडूने रेघ मारायची. प्रत्येक डबक्याचा फोटो, मापलेली खोली आणि नकाशावर जागा. दोन-तीन मिलिमीटरचे पातळ खळगे सोडून द्यावेत. मागे लागलं तर घासकामच जास्त होतं. त्याहून खोल डबक्यासाठी पर्याय ठरलेले आहेत: उंचवटा घासून पाण्याला वाट काढून देणं, किंवा खळग्याच्या तळालाच नवी छोटी जाळी पाडणं. खळगा भरून वर आणणं मी शेवटी ठेवतो, कारण पातळ थराच्या कडा लवकर सुटतात आणि तिथलं पाणी शेजारी सरकतं.

मग दरवर्षी दोन कामं. जाळ्यांखालचे डबे पाऊस सुरू होण्याआधी उपसायचे, पानं-माती काढायची. आणि जिथे मीठ येतं तिथे हिवाळा संपल्यावर प्रत्येक मजला, विशेषतः झाकलेले मजले, वरच्या टोकापासून जाळीपर्यंत भरपूर पाण्याने धुऊन काढायचे. त्यासाठी प्रत्येक मजल्यावर नळाचं तोंड लागतं, जे नकाशातून सर्वांत आधी कापलं जातं. धुताना खडू खिशात असू द्यावा. मागच्या वर्षीच्या रेघेबाहेर पाणी पसरलेलं दिसलं तर स्लॅब अजून खाली येतो आहे, आणि तेव्हा प्लंबरच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला फोन लावायचा.